साडेतीन

मंगळवार, संध्याकाळी सहाचा वर्ग.
थंडर बेमध्ये बाहेर उणे एकतीस, सेल्सियसमध्ये;
कॅन्टीनचा ओव्हन साडेतीनशेवर, फॅरनहाइटमध्ये.
गाव किती लांब विचारलं तर कुणी किलोमीटर सांगत नाही,
"दोन तास," म्हणतात, "मूस आडवा आला नाही तर."
मी फळ्यावर लिहिते: आधी एकक ठरवा.
माझ्यामागे बारा माणसं
बुटांवरचा बर्फ वितळायची वाट बघतात.

ऑरव्हिल पेल्की शेवटच्या रांगेत.
एकसष्ट वर्षांचा. कागदाची गिरणी बंद झाली
तेव्हा सरकारने त्याला हा कोर्स दिला,
आणि गिरणीने त्याच्या कितीतरी आधी
उजव्या अंगठ्याचं टोक ठेवून घेतलं होतं.
"माझा इंच आखूड आहे," पहिल्याच दिवशी सांगितलं त्याने,
"हिशेबात धरा."

मी त्यांना सांगते, टू-बाय-फोर म्हणून जी फळी आणता
ती दोनही नसते आणि चारही नसते.
दीड आणि साडेतीन. नावाला जागत नाही.
प्लायवूडची लांबी-रुंदी फुटांत, जाडी मिलिमीटरमध्ये,
एकाच पावतीवर, गुण्यागोविंदाने.
नोरीन वाबूस मान हलवते: आमच्याकडेही असंच,
मावशी ओजिब्वेमध्ये रागावते, मी इंग्रजीत ऐकते.

तळ्यावर, बर्फात भोक पाडून मासे धरायची
ऑरव्हिलची एक झोपडी आहे. दार वाऱ्याने उघडतं.
त्या दाराच्या कडीवर तीन आठवडे बसला होता तो.
प्रत्येक कोपऱ्याला गोलाई,
जाड हातमोज्यांतूनही पकडता यावी म्हणून.
लांबी लिहिली ३.५
आणि फाइल पाठवली.

फाइल आकडा लक्षात ठेवते.
कशाचा, ते विसरते.

प्रिंटरने विचारलं नाही. त्याच्या लेखी जग मिलिमीटरचं.
झाकण उघडलं तर तबकाच्या मधोमध
मसुरीच्या डाळीएवढी
कडी.
गोलाई होती तिला. स्क्रूची भोकंही असणार,
नोरीनने भिंग मागितलं.

वर्ग हसला. मला हसता आलं नाही.
नऊ वर्षांपूर्वी, विनिपेगच्या एका ऑफिसात
जिन्याच्या कठड्याच्या नकाशात
माझा एक आकडा इंचांतच राहिला होता.
कठडा आला, बसेना.
साहेबाने फोनवर कारखान्याला झापलं,
मी समोर बसून पेन्सिलीला टोक काढत होते.
मापात पाप करायला खोटी वजनं लागतात असं नाही,
गप्प बसलं तरी पुरतं.

हे मी वर्गाला सांगून टाकलं. ठरवलं नव्हतं.
कुणी काही बोललं नाही, हीटर तेवढा खडखडला.
ऑरव्हिलने ओल्या बोटाने कडी उचलली,
आखूड अंगठ्यावर ठेवली, डोळा बारीक केला.
"उंदराच्या झोपडीला चालेल," म्हणाला,
आणि शर्टाच्या खिशात टाकून
खिशाचं बटण लावलं.

मग आम्ही पंचवीस पॉइंट चारने गुणलं.

माणूस म्हणे आपल्याच हाताने साडेतीन हात भरतो,
उंच असो की ठेंगू. दुसऱ्याच्या हाताने मोजायला गेलं
की कुणी उरतं, कुणी कमी पडतं.
हे मी फळ्यावर लिहिलं नाही. फळ्यावर लिहिलं
८८.९
आणि पुढे, दोनदा गिरवून, एकक.

पुढच्या मंगळवारी तो मासा घेऊन आला,
गोठलेला, वर्तमानपत्रात गुंडाळून, माझ्यासाठी.
कडी लागली का, मी विचारलं.
"लागली. वारासुद्धा आता ठोठावून येतो."
"आणि सुटून गेलेला मासा केवढा होता?" नोरीन म्हणाली.
त्याने दोन्ही हात फाकवले,
थांबला,
मधलं अंतर आणखी जरा वाढवलं.
"अंगठ्याची तूट धरून."